तीन मिनिटांचं काम

घरांची चित्रं कॉम्प्युटरवर करणाऱ्या ताईचा जुना लॅपटॉप एकेका चित्राला तासभर घ्यायचा. तेवढ्या वेळात ती खाली शिवणकाम करणाऱ्या काकूंकडे चहाला जायची. मग महिनाभर डोकं खाजवून तिने सगळ्यात दमदार लॅपटॉप निवडला. आता चित्र तीन मिनिटांत तयार व्हायचं. खाली जायला निमित्तच उरलं नाही, आणि दिवस दिवस तिचं कुणाशी बोलणंच होईना.

आज चित्र पूर्ण झालं, तरी ती जिना उतरली. तिच्या नेहमीच्या स्टुलावर कापडांचा ढीग होता.

"काय गं, एवढा महागाचा घेतलास, तोही रखडला?" काकूंनी विचारलं.

"हो ना, भलताच रखडलाय," म्हणत ढीग मांडीवर घेऊन ती बसली.