एकाच नावाचे दोन तक्ते

मी एक जुना फोल्डर आहे, मित्रांनो. संगणकावर बाहेरून जे काही उतरवून घेतलं जातं, ते सगळं आधी माझ्याकडे येतं. म्हणून माझं नाव डाउनलोड्स. मला रंग नाही, वजन नाही, हात तर नाहीतच. तरी एका घराचा दहा वर्षांचा संसार माझ्या पोटात आहे.

महाप्याच्या एका कंपनीने आपले जुने संगणक काढून टाकले, तेव्हा त्यातला एक जयदेवने घरी आणला. जयदेव न्हावा शेवा बंदरात क्रेन चालवतो. त्याचं घर खाडीकाठच्या कोळीवाड्यात आहे. घरात बायको बायजा, मुलगी भाग्यश्री आणि तेव्हा भाग्यश्रीचे आजोबाही. संगणक पुसून, धुऊन आला होता, त्यामुळे मी तेव्हा अगदी रिकामा होतो. रिकामं असणं किती हलकं असतं, ते मला अजून आठवतं.

भाग्यश्री शाळेत होती तोवर माझी फार निगा राखायची. धडे एका कप्प्यात, चित्रं दुसऱ्यात, आजोबांचे दवाखान्याचे कागद तिसऱ्यात. शेजारची वैदेही तर म्हणायची की, हिच्या संगणकात हिच्या कपाटापेक्षा जास्त शिस्त आहे. मग भाग्यश्री कॉलेजात गेली. घाई वाढली. जे उतरवायचं ते उतरवायचं, एकदा बघायचं आणि तिथेच सोडून द्यायचं. कप्पे करणं थांबलं. मी भरत गेलो.

माझ्या आत कसं असतं, ते तुम्हाला सांगतो. तिथे दिवस उगवत नाही आणि मावळतही नाही. जी वस्तू ज्या क्षणी आली, ती त्याच क्षणात उभी राहते. एक लग्नपत्रिका अजून लोकांना येत्या रविवारी बोलावते आहे. त्या नवरीची मुलं आता शाळेत जातात. एक हॉल तिकीट परीक्षेला निघायच्या तयारीत आहे. आजोबांचा रक्ताचा रिपोर्ट सांगतो, उद्याच डॉक्टरांना दाखवा. आजोबांना जाऊन पाच वर्षं झाली. रिपोर्टला हे कुणी सांगितलेलं नाही. सांगणार कोण? मला तर बोलता येत नाही.

ऐकू मात्र येतं. ऑनलाइन वर्गासाठी भाग्यश्रीने एक छोटा माइक जोडला होता, तो तसाच राहिला. त्यातून घरातलं बोलणं माझ्यापर्यंत पोहोचतं.

बायजा खाडीतल्या खडकांवरची कालवं काढायला जाते. कोयत्याने शिंपला फोडायचा आणि आतलं कालव डब्यात टाकायचं. हे काम ओहोटीलाच होतं, कारण भरती आली की खडक बुडतात. ओहोटी कधी लागणार, हे ती बोटांवर तिथी मोजून सांगायची. सासूने शिकवलं होतं. पण भाग्यश्रीला वाटलं, आईने एवढा त्रास कशाला घ्यावा? तिने वर्षभराच्या भरती-ओहोटीचा तक्ता उतरवून घेतला. रोज सकाळी ती आईला वेळ वाचून दाखवू लागली. बायजाला त्याचं भारी कौतुक. मासळी बाजारात ती सांगायची की, माझी पोर खाडीचं पाणी काचेत बघते. हळूहळू तिने तिथी मोजणं सोडलं.

वर्ष संपलं. एक जानेवारीला भाग्यश्रीने नवा तक्ता उतरवला. त्याचंही नाव 'भरती-ओहोटी'च होतं. एका घरात एकाच नावाचे दोघं राहू शकत नाहीत, म्हणून संगणकाने नव्याच्या नावापुढे कंसात एक आकडा लावला. बाकी दिसायला दोघं हुबेहूब सारखे. तारखा त्याच, रकाने तेच, वेळा तेवढ्या वेगळ्या, कारण पाणी तारखेने नाही, तिथीने चालतं. वर्ष फक्त पहिल्या पानाच्या डोक्यावर, बारीक अक्षरात.

त्यानंतरचा रविवार. जयदेव बंदरावर सकाळच्या पाळीला गेला होता. खिडकीबाहेर इतकं धुकं होतं की, समोरच्या घराचं दार दिसत नाही असं भाग्यश्री म्हणाली. तिने शोधायच्या जागी 'भरती' एवढंच लिहिलं. दोघंही पुढे आले. वरचा जुना होता. तिने त्यालाच उघडलं.

आणि तो बोलला, मित्रांनो. त्याच्या मनाने ते वर्ष संपलेलंच नव्हतं. त्याने खरेपणाने आपल्या त्या तारखेची वेळ सांगितली. ओहोटी, सकाळी साडेनऊ.

नवा तक्ता त्याच्या शेजारीच होता. त्याच्याकडे साडेसहा लिहिलेलं होतं. त्याला कुणी विचारलं नाही.

बायजा दारात थबकली. "काल पुनव झाली ना गो? पुनवेच्या दुसऱ्या दिशी नवाला पानी चढाला लागतं."

"आये, इथं लिहिलंय ना. साडेनऊ. तुझी बोटं चुकली असतील."

बायजा हसली. "बरं बाय. तू शिकलेली." मोबाइल भिजेल म्हणून तिने तो टेबलावरच ठेवला आणि ती गेली.

साडेनऊ झाले, दहा झाले. भाग्यश्री खिडकीशी जाऊन आली, पुन्हा गेली. मग गल्लीतून कुणाचा तरी आवाज आला की, पाणी धक्क्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं. ती संगणकाकडे धावत आली. तक्ता उघडाच होता. तिने तो वर, वर, पहिल्या पानापर्यंत सरकवला.

डोक्यावर गेल्या वर्षाचं साल होतं. मग खुर्ची पडली आणि दार आपटलं.

पुढचा दीड तास मी आणि ते रिकामं घर. पडद्यावर जुना तक्ता तसाच उजळ, साडेनऊ, साडेनऊ म्हणत. त्याला काही कळलेलं नव्हतं. बायजाचा मोबाइल दोनदा वाजला. उचलायला कुणी नव्हतं.

खाडीत काय झालं, ते मी नंतर ऐकलं. साडेनऊपर्यंत पाणी उतरतच जाईल या भरवशावर बायजा लांबच्या खडकांवर गेली होती, आणि धुक्यात चढतं पाणी तिला वेळेवर दिसलं नाही. जयदेवचा पुतण्या प्रितम याची लहान होडी आहे. भाग्यश्रीला घेऊन तो धुक्यात शिरला. हाक ऐकू येत होती, पण धुक्यात हाक चारी बाजूंनी येते. दोनदा त्याने आवाजाच्या रोखाने होडी नेली आणि दोन्ही वेळा तिथे नुसतं पाणी होतं. शेवटी त्याने वल्हं वर धरलं आणि भाग्यश्रीला रडू थांबवायला सांगितलं. मग आवाज आला, अगदी जवळून, पाठीमागून. सगळ्यात उंच खडकावर बायजा उभी होती. पाणी छातीपर्यंत आलं होतं.

तिला घरी आणलं, कोरडं केलं, चहा दिला. भाग्यश्री संगणकासमोर बसली होती. ती म्हणाली की, हे सगळं मी आत्ता पुसून टाकते, एकही कागद ठेवत नाही.

बायजाने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "कागद खोटा नवता गो. जुना व्हता. आनि माजी बोटं बरोबर सांगत व्हती, मीच त्यांचं आयकलं नाय. त्याला नको पुसू. नाव बदल त्याचं. लिव, गेल्या वर्षाचा, याच्या भरवशावर पान्यात जाऊ नको."

भाग्यश्रीने ते शब्द तसेच्या तसे लिहिले. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर बसली. एकेक वस्तू उघडून तिने बघितली. लग्नपत्रिकेला आणि हॉल तिकिटाला जाऊ दिलं. रिपोर्टवर आजोबांचं नाव आणि साल लिहून तो आजोबांच्या कप्प्यात ठेवला. नव्या तक्त्याच्या नावात वर्ष आलं. आता ती आईला वेळ सांगते, तेव्हा बायजा आधी बोटं मोजते, आणि दोन्ही जुळलं तरच चपला घालते.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा कुणीतरी आहे. त्याच्या आत जे येईल, त्याला त्याच दिवशी नाव द्या, साल द्या, जागा द्या. ज्याचं काम झालं, त्याला जाऊ द्या. काही उघडलंत तर आधी विचारा की, तू कधीचा? आमच्यावर रागावू नका. तुम्ही चुकीच्या कागदाला हाक मारलीत, तरी आम्हाला 'थांब' म्हणता येत नाही. तुम्ही ज्याच्यावर बोट ठेवाल, त्याला आम्ही उघडतो, एवढंच.