जज्जचा कान

पूलच्या, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या टेबलावरच्या खेळाच्या, काठ्या घडवण्यात त्या कारागिराचा हात कुणी धरू शकत नसे, पण त्याला स्वतःला पूल अजिबात खेळता येत नव्हता. तरुणपणी एकदा हौसेने टेबलाशी उभा राहिला, तर तिसऱ्याच ठोक्याला काठीचं टोक टेबलावरच्या कापडात घुसलं आणि वीतभर कापड फाटलं. त्या दिवसापासून त्याने खेळाला रामराम ठोकला आणि लाकूड धरलं. मेपलच्या पट्ट्या वर्ष-दोन वर्षं छताला टांगून ठेवायच्या, दर काही महिन्यांनी लेथवर चढवून केसाएवढं लाकूड काढायचं, पुन्हा टांगायच्या. घाई केली की लाकूड वाकतं, आणि एकदा वाकलं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

तयार काठी खेळते कशी, हे सांगायचं काम त्याच्या मेहुण्याचं. तो बायकोचा धाकटा भाऊ. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात नोकरी, आणि शनिवारी अर्धा दिवस भरला की थेट कारखान्याच्या मागच्या खोलीत. तिथे एक जुनं टेबल होतं. तो प्रत्येक काठीने वीस-पंचवीस ठोके मारायचा आणि निकाल द्यायचा. निकालावर अपील नाही, म्हणून सगळे त्याला जज्ज म्हणत.

त्याचे शब्द ठरलेले होते. ठोका बसताक्षणी चेंडूला कसा लागला ही खबर बोटांपर्यंत आली, तर काठी 'बोलकी'. चेंडू जागेवर जातो, पण हाताला काही कळतच नाही, ती 'घुमी'. हळू मारला तरी चेंडू हातभर पुढे पळतो, ती 'आगाऊ'. आणि चेंडूला कडेने मारल्यावर तो सांगितल्या वाटेने न जाता बाजूला सरकला, तर ती 'तिरकी'. कारागीर हे शब्द वहीत लिहून घ्यायचा आणि त्यांचं भाषांतर लाकडात करायचा. घुमी म्हणजे टोकाचं चामडं मऊ, किंवा मधला पेचाचा जोड नीट भिडत नाही. आगाऊ म्हणजे दांडा जाड राहिला. तिरकी असली की टोकाकडचं वजन कमी करायचं. वीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि काठ्या लांबलांबून लोक मागवत होते.

मग दातांची एक डॉक्टरीण आली. स्पर्धांमधून खेळणारी बाई, बोटं लांब आणि नजर बारीक. तिच्यासाठी शिसवीच्या मुठीची काठी झाली. मुठीवर दोरा कारागिराच्या बायकोने गुंडाळला. ते काम तिचं, आणि त्यात ती नवऱ्यालाही बोट लावू देत नसे. जज्जने वीस ठोके मारले आणि म्हणाला, "बोलकी. अगदी लग्नाला उभी आहे. देऊन टाका."

पंधरा दिवसांनी डॉक्टरीण शनिवारीच काठी घेऊन परत आली.

"खेळते छान," ती म्हणाली, "पण कुरकुरते."

"कुरकुरते?" जज्ज हसला. "नवी आहे, नांदेल हळूहळू."

ती टेबलाशी गेली, वाकली आणि एक ठोका मारला. चेंडू सरळ टेबलाच्या खिशात गेला. आणि त्याबरोबर, बंद बाटलीत माशी अडकावी तसा एक बारीक आवाज आला. कारागिराने मान वर केली. शेजारच्या खोलीत दोरा गुंडाळणारी बायकोसुद्धा दाराशी येऊन उभी राहिली.

"आता ऐकलंत?" डॉक्टरीण म्हणाली.

"कुठे काय?" जज्ज म्हणाला.

तिने पुन्हा मारला. माशी पुन्हा गुणगुणली. जज्जने आळीपाळीने तिघांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिघांनाही ऐकू आलंय हे त्याला तोंडांवरून कळलं. तो म्हणाला, "असेल. असेल थोडं," आणि खडूची वडी उगाच पुसत बसला.

मुठीच्या आत वजनासाठी बसवलेला बोल्ट अर्धा पेच ढिला होता. कारागिराने पाच मिनिटांत तो आवळला, डॉक्टरीण समाधानाने गेली. जज्ज चहाला थांबला नाही.

"तुला माहीत होतं?" कारागिराने बायकोला विचारलं.

"वर्षभर. टीव्हीचा आवाज केवढा करतो, बघता ना? मी एक विचारते, तो दुसऱ्याचंच उत्तर देतो. नाहीतर सगळ्याला हो हो."

"मला बोलली नाहीस."

"माझा भाऊ आहे तो. सांगायचं तर त्याने सांगायचं."

पुढचे दोन शनिवार जज्ज आला नाही. पहिल्यांदा डोकं दुखतंय असा निरोप आला, दुसऱ्यांदा निरोपही नाही. तीन काठ्या निकालाविना भिंतीशी उभ्या राहिल्या. कारागीर लेथवर होता, पण हात चालत नव्हता. सोमवारी त्याने दुपारी काम बंद केलं आणि चष्म्याच्या दुकानात गेला.

दुकानात एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसले होते आणि जज्ज त्यांना जाड भिंगांचा चष्मा चढवत होता. गृहस्थ कुरकुरत होते, की लोक काय म्हणतील, या वयात एवढं जाड.

"लाज कसली त्यात?" जज्ज सवयीने म्हणाला. "डोळे तुमचे, दिसायचं तुम्हाला. लोक काय तुमच्यासाठी वाचून दाखवणार आहेत?"

मान वळली तेव्हा त्याला काउंटरशी उभे असलेले भाऊजी दिसले. त्याचे कान लाल झाले. म्हातारे गृहस्थ पावती घेऊन गेले.

"भाऊजी, काही म्हणू नका," जज्ज म्हणाला.

"मी कुठे काय म्हणालो? मी चष्मा बघायला आलोय."

"तुमचे डोळे चांगले आहेत."

"मग जातो." कारागीर दारापर्यंत गेला आणि थांबला. आता त्याने आवाज चढवला, कारण चढवायलाच हवा होता. "तीन काठ्या उभ्या आहेत!"

रस्त्यावरचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. जज्जने कपाळाला हात लावला. पण त्या आठवड्यात तो कानाच्या डॉक्टरकडे गेला.

कानातलं यंत्र हरभऱ्याएवढं होतं. ते लावून तो शनिवारी आला, पहिली काठी उचलली, ठोका मारला आणि दचकलाच. टेबलावर पत्र्याचा डबा पडावा तसा आवाज. दुसरी तशीच, तिसरीही तशीच. त्याने तिन्ही नापास केल्या. मग भिंतीवरची जुनी, त्याने स्वतः पास केलेली काठी मागितली आणि तीही नापास केली.

"सगळ्याच आगाऊ झाल्या की काय रे?" कारागीर म्हणाला.

"काठ्या नाहीत, मीच बिघडलोय." त्याने यंत्र काढून खिशात टाकलं. "थांबा जरा."

यंत्राच्या गोंगाटानंतर आता खोलीत त्याच्यापुरतं जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. तो एकेक काठी घेऊन खेळत राहिला. पोलादी जोडाच्या एका काठीपाशी तो बराच वेळ अडला. ती जात तो वीस वर्षं कडक म्हणत आला होता. ठणकन वाजते म्हणून; गेलं वर्षभर नीट ऐकू येत नसूनही, सवयीने. आवाज गेल्यावर हाताला ती कडक लागेना. उलट, आवाज मऊ म्हणून जी लाकडी जोडाची काठी तो नेहमी मऊ म्हणायचा, तीच बोटांना जास्त धक्का देत होती. त्याने दोन्ही काठ्या पुन्हा पुन्हा अदलूनबदलून पाहिल्या. तासाभराने तो स्टुलावर बसला.

"भाऊजी," तो मोठ्याने म्हणाला, आपला आवाज किती आहे याचा अंदाज नसल्यासारखा, "मी इतकी वर्षं तुम्हाला जे हाताचं म्हणून सांगितलं ना, त्यातलं निम्मं कानाचं होतं."

कारागिराने वही बंद केली. वीस वर्षांचे शब्द तीत होते आणि त्या शब्दांवर त्याने शेकडो दांडे तासले होते. त्याला राग आला की नाही, ते त्याच्या तोंडावरून कळलं नाही. त्याने आधी जज्जच्या खिशाकडे बोट दाखवलं. जज्जने यंत्र पुन्हा कानात घातलं.

"मग इतक्या वर्षांत कुणी तक्रार कशी केली नाही?"

जज्जने विचार केला. "तेही कानानेच खेळतात म्हणून. ठोका छान वाजला की माणसाला वाटतं, छान बसला."

"म्हणजे चूक नव्हती."

"चूक नव्हती. अर्धं होतं."

बायको चहा घेऊन आली. "झालं तुमचं कोर्ट?" तिने विचारलं, भावाच्या कानाकडे एकदा बघितलं आणि कप ठेवले.

त्यानंतर काम दुप्पट वेळ घेऊ लागलं. जज्ज प्रत्येक काठी दोनदा खेळतो: एकदा यंत्र लावून, ढिला पेच किंवा चीर आवाजात सापडावी म्हणून, एकदा काढून, फक्त हातासाठी. यंत्राचा आवाज अंगवळणी पडायला त्याला तीन महिने लागले. वहीत आता प्रत्येक काठीपुढे दोन शब्द असतात, आणि कधीकधी ते एकमेकांशी भांडतात. असं झालं की गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून विचारतात, तुम्हाला कसं आवडतं, ऐकायला की धरायला? बहुतेकांना प्रश्नच कळत नाही. डॉक्टरीण तेवढी चटकन म्हणाली, "धरायला. ऐकायला माझे पेशंट आहेत."

एका शनिवारी जज्ज हात धुवायला गेला होता तेव्हा कारागिराने कानात कापूस घातला, एक काठी उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि टेबलावर वाकला. कापडाला न फाडता ठोका बसला, एवढंच. चेंडू भलतीकडेच गेला. हाताला काही कळलं नाही. त्याने आणखी दोन काठ्यांनी मारून पाहिलं; तिन्ही सारख्याच.

वळून पाहिलं तर जज्ज दारात टॉवेल घेऊन उभा. त्याचे ओठ हलत होते. कारागिराने कापूस काढला.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, कळलं का काही?"

"नाही."

"राहू द्या," जज्ज म्हणाला आणि काठी त्याच्या हातातून घेतली. "तुमचं लाकूड तुम्हाला कळतं, पुरे आहे. हिचा दांडा अजून जाड आहे बघा, मुठीपासून वीतभर वर. सोमवारी लेथवर घ्या."

कारागिराने बोट फिरवून पाहिलं. जाड होता.