खिडकीजवळचं टेबल

बाळ्या पंचावन्न वर्षांचा होता. गाड्यांच्या सुट्या भागांचं त्याचं दुकान होतं आणि दुकानातली पोरं त्याला शेठ म्हणायची. पण थोरली बहीण, म्हणजे ताई, त्याला अजून बाळ्याच म्हणायची, त्यामुळे घरात त्याचा शेठ कधी झालाच नाही. त्याची बायको कपडे शिवायची. तिची गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणायची. आपणही तेच म्हणू.

जहाजाची सहल ताईसाठी होती. आई गेली तेव्हा बाळ्या शाळेत होता. ताईने त्याला वाढवलं, शिकवलं, दुकान घालून दिलं आणि त्या सगळ्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. आयुष्यात तिने कधी म्हणून काही मागितलं नाही. एकदा टीव्हीवर जहाज बघताना मात्र म्हणाली, "असं खिडकीत बसून, समुद्र बघत जेवायला काय मजा येत असेल नाही?" झालं. बाळ्याने तिकिटं काढली.

तिकिटं काढून थांबला असता तर ठीक होतं. पण बाळ्या कुठल्याही गोष्टीत शिरला की उंटावरचा शहाणा होतो. जहाजावर टिप कशी द्यायची, याचे त्याने इतके व्हिडिओ पाहिले की त्यावर परीक्षा असती तर पहिला आला असता. नोटेची चौघडी करायची, तळहातात ठेवायची, वर अंगठा दाबायचा, हसून हात मिळवायचा, नोटेकडे बघायचं नाही आणि हात सोडता सोडता काम सांगायचं. याचा सराव त्याने वहिनीवर केला. लग्न झाल्यापासून नवऱ्याने इतक्या वेळा तिचा हात हातात घेतला नव्हता.

"अहो, पण टिप तर बिलातच लावलेली असते म्हणे," वहिनी म्हणाली.

"बिलातली टिप सगळ्यांची. हातातली टिप आपल्या कामाची. तुला नाही कळायचं."

जहाजावर पहिल्या संध्याकाळी त्यांना टेबल मिळालं ते भटारखान्याच्या दाराशी. दार सारखं उघडायचं, ट्रे आत-बाहेर व्हायचे, आतून भांड्यांचा खणखणाट. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. खिडकीजवळची टेबलं आधी राखून ठेवावी लागतात, हे एवढे व्हिडिओ बघूनही बाळ्याच्या नजरेतून निसटलं होतं. "भांडी बघायला घरी काय कमी होती रे?" ताई हसत म्हणाली. ती हसली, पण बाळ्या जेवण सोडून खिडकीकडच्या टेबलांकडे बघत राहिला.

तिसऱ्या संध्याकाळी सगळ्यांनी नटून जेवायला यायचं होतं. भोजनगृहाच्या दाराशी गर्दी होती. दाराच्या बाजूला काळ्या कोटातला एक म्हातारा ताठ उभा होता, हात मागे बांधून, येणाऱ्या-जाणाऱ्याला किंचित मान लववत. टेबलं देणारा हेडवेटर तो हाच. बाळ्याने नेम धरला. सरळ जाऊन हात मिळवला, डोळ्यांत बघून हसला आणि म्हणाला, "खिडकीजवळ मिळालं तर फार बरं होईल. ताई पहिल्यांदाच आलीय."

म्हाताऱ्याचा हात मिटला. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, मग तो अदबीने म्हणाला, "तिघं ना? या."

तो पुढे, बाळ्या आणि ताई मागे, सगळ्यांत मागे वहिनी. आणि वहिनीची नजर, शिवणाऱ्या बाईची नजर, गेली नेमकी कोटाच्या मागच्या चिरेवर. तिथे पांढऱ्या दोऱ्याचा फुलीसारखा कच्चा टाका तसाच होता. नव्या कोटाची चीर दुमडू नये म्हणून दुकानात तो घालतात आणि अंगात घालण्याआधी उसवायचा असतो. ज्याला कोटाची सवय नाही तो विसरतो. रोज हाच कोट घालून लोकांना बसवणाऱ्या माणसाच्या पाठीवर हा टाका राहीलच कसा?

हा हेडवेटर नाही. हा आपल्यासारखाच प्रवासी आहे. वहिनीला तिथल्या तिथे कळलं.

तेवढ्यात म्हाताऱ्याने खुर्ची मागे घेतली, ताई बसली, त्याने रुमाल उलगडून तिच्या मांडीवर ठेवला. खिडकीबाहेर सूर्य पाण्याला टेकत होता. ताईने दोन्ही हात काचेवर ठेवले. "बाळ्या, अरे बघ तरी!" असा तिचा आवाज वहिनीने कधी ऐकला नव्हता. वहिनी मूग गिळून बसली.

म्हातारा परत दाराशी गेला. तोवर एक म्हातारी बाई लगबगीने आली होती, चष्मा पुसत. बहुधा तो खोलीतून आणायला गेली असावी. त्याने तिला काही सांगितलं. तिने वळून खिडकीकडे बघितलं. खऱ्या हेडवेटरने टेबलांच्या नोंदीचा कागद बघितला, खांदे उडवले आणि त्या दोघांना नेऊन बसवलं भटारखान्याच्या दाराशी. वहिनीची खुर्ची नेमकी त्या बाजूला तोंड करून होती.

"बघितलंस?" बाळ्या कुजबुजला. "हाताला हात लागला की कामं होतात."

वहिनीने मनात म्हटलं, उद्या सांगू. आज ताईचं जेवण होऊ दे. चांगुलपणाच्या पांघरुणात भित्रेपणाही छान झाकला जातो. तिने सूप संपवलं, पुढचं आलेलं संपवलं, आणि दर वेळी मान वर केली की तिकडे म्हातारी बाई दिसायची. समोरची खुर्ची बऱ्याच वेळा रिकामी असायची. दारातून ट्रे आला की तो माणूस आपसूक उठून दार धरून उभा राहायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी जहाजावरच्या इस्त्रीच्या खोलीत गेली, तर तीच बाई तोच कोट पालथा घालून इस्त्री करत होती. वहिनीचे पाय दारातच अडखळले. पण बाईने तिला ओळखलं नाही. काल तिने टेबलाकडे पाहिलं होतं, टेबलावरच्या माणसांकडे नाही.

"कोटाचा हा टाका काढायचा असतो," वहिनीच्या तोंडून निघून गेलं. "द्या, मी काढते." पिशवीत लहान कात्री होतीच.

"असं होय? आम्हाला काय ठाऊक! यांनी जन्मभर हॉटेलचाच कोट घातला. हा पहिला स्वतःचा." बाई बोलकी होती. नवरा मोठ्या हॉटेलात हेडवेटर होता. जगाच्या जेवणाची वेळ ती त्याच्या कामाची वेळ. लग्न झाल्यापासून तिने रात्रीचं जेवण एकटीने केलं, त्याचं ताट झाकून ठेवून. आता तो निवृत्त झाला. मुलीने सहल दिली. "मी एकच मागितलं. एक दिवस खिडकीशी बसू, तुम्ही माझ्या समोर, आणि वाढेल दुसरा कोणीतरी. त्यांनी तिकिटाबरोबरच टेबल राखून ठेवलं होतं. कालचं."

वहिनीने टाका कापला. दोरा ओढून काढायला तिने गरजेपेक्षा जास्त वेळ लावला.

"आणि काल मी चष्मा घेऊन येते तर टेबल गेलेलं! म्हणाले, कोणीतरी चुकून हातात नोट ठेवली, हात आपोआप मिटला, आणि नोट घेतल्यावर टेबल न देणं मला जमेना. आता तुम्हीच सांगा, प्रवाशाच्या हातात नोट कोण ठेवेल? लोक काय वेडे आहेत?"

"नाही... म्हणजे..." वहिनी म्हणाली.

"यांनीच विकलं असणार. जन्माची सवय. मी बोलले नाही हो काल, आतल्या आत जळले. पण बोलणार आहे. त्यांना विचारणारच आहे की, माझी खुर्ची कितीला गेली?"

हाच तो क्षण होता. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, बाई, वेडे आम्हीच. वहिनीने कोट झटकला, बाहीवर नसलेली सुरकुती सारखी केली आणि म्हणाली, "छान बसेल आता." आणि स्वतःचे कपडे इस्त्री न करताच निघून आली.

खोलीत येऊन तिने बाळ्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. माणूस वाईट नाही तो. पण त्याचा हात मात्र सरळ पाकिटाकडे गेला. "त्यांना अजून काही देऊ या का?"

"डोकं आहे का ठिकाणावर?"

"बरं, मग असं कर," तो काकुळतीला आला. "आजची संध्याकाळ जाऊ दे. हेडवेटरने आता ते टेबल आपल्याच नावावर टाकलंय. ताई सकाळपासून तेच बोलतेय. ज्या जेवणासाठी तिला आणलं, ते दुसऱ्याच्या तोंडचं काढून दिलं, हे तिला कसं सांगू?"

आणि वहिनीने ऐकलं. नवऱ्याचं इतर काही न ऐकणारी बाई, पण हे मात्र लगेच ऐकलं, कारण तिलाही तेच हवं होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात. दुपारभर ती खवखवत बसली.

संध्याकाळी भटारखान्याच्या दाराशी म्हातारी बाई एकटीच येऊन बसली. समोर कोणी नाही. वेटरने दुसरं ताट ठेवलं तेव्हा तिने हातानेच नको म्हटलं. पुन्हा एकटीच जेवत होती ती, आणि या वेळी झाकून ठेवायला ताटही नव्हतं.

"काय गं, जेवत का नाहीस?" ताईने विचारलं.

वहिनीने चमचा ठेवला. "ताई, हे टेबल आपलं नाही," ती म्हणाली, आणि बाळ्या टेबलाखालून पाय मारत असतानाही तिने सगळं सांगितलं. मग उत्तराची वाट न बघता उठली आणि त्या बाईसमोर जाऊन उभी राहिली.

"तुमचे यजमान खरं बोलले. नोट माझ्या नवऱ्याने दिली. त्याला ते हेडवेटर वाटले."

बाईने तिच्याकडे नीट बघितलं. मग तिच्या मागे, खिडकीकडे.

"आणि तुम्हाला?"

"मला नाही वाटले. मी टाका बघितला होता. बसायच्या आधीच."

"म्हणजे सकाळी कात्री हातात होती तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं."

"हो."

वहिनीला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर फार बरं झालं असतं. पण बाई शांतपणे म्हणाली, "सकाळी सांगायचं होतंत हो. मी दुपारी बोलले त्यांना. हात पसरायची सवय लागलेला माणूस बायकोलाही विकेल, म्हटलं. ते नुसते आपल्या हाताकडे बघत बसलेत तेव्हापासून." ती उठली आणि जेवण तसंच टाकून चालू लागली.

वहिनी मागे वळली तर ताई स्वतःची ताटली हातात घेऊन येत होती. मागून बाळ्या, दोन ताटल्या सावरत, लहान मुलासारखा रडवेला. ताई भटारखान्याच्या दाराशी बसली. वेटरला म्हणाली, "ते टेबल पुसून ठेवा. दोघांचं मांडा." बाळ्याचा हात खिशाकडे गेला, तशी तिने त्याच्या मनगटावर चापट मारली. वहिनीला मात्र ती काहीच बोलली नाही.

बराच वेळ ते टेबल रिकामं राहिलं. सूर्य बुडाला. लोक गोड खाऊन उठायला लागले तेव्हा ती दोघं आली आणि वेटर त्यांना खिडकीकडे घेऊन गेला. म्हाताऱ्याने कोट घातला नव्हता, साधा सदरा होता. खिडकीशी पोचल्यावर सवयीने तो बायकोची खुर्ची मागे घ्यायला वाकला, आणि मध्येच थबकला. पुढे केलेला हात त्याने ओशाळून मागे घेतला आणि पाठीशी लपवला. बाईने तो हात धरून पुढे आणायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा. तो काही हात देईना.

शेवटी ती आपली आपण खुर्ची ओढून बसली. तोही समोर बसला, हात मांडीवर, टेबलाखाली. ती वाकून त्याला काहीतरी सांगत होती, परत परत तेच सांगत असावी. तो मान हलवून हो म्हणत होता, आणि काचेकडे बघत होता. काचेबाहेर काळोख होता.

"बसले ना?" भटारखान्याच्या दाराकडे तोंड करून बसलेल्या बाळ्याने हळूच विचारलं. "सगळं ठीक झालं ना?"

वहिनी म्हणाली, "नाही."