उषाकडचं हळदीकुंकू

माझा राग सगळ्या झाशीला ठाऊक आहे. रेल्वेच्या कचेरीत नोकरी केली, तिथले साहेबसुद्धा माझ्या टेबलाशी येण्याआधी खाकरायचे. पण या गोष्टीतला सूड माझा नाही. माझ्यावर सोपवला असता तर मी उषाच्या झिंज्या उपटून मोकळी झाले असते आणि सगळं वाया गेलं असतं.

बकुळ माझी भाची, माझ्या भावाची, जनार्दनची मुलगी. प्रेम नगरच्या घरात ती, तिचे आईबाप आणि बिनलग्नाची आत्या म्हणजे मी. ग्वाल्हेरच्या एका स्थळानं ‘मुलगी गोड आहे, नाक तेवढं बसकं’ असा निरोप पाठवला आणि पोरगी आरशासमोरून हलेना. तेव्हा उषा धावून आली. सिविल लाइंसमध्ये तिचं ब्यूटी पार्लर आहे. शिवाय नवऱ्याच्या, श्रीकृष्णच्या, साथीनं इस्तंबूलला बायका नेऊन त्यांची नाकं-हनुवट्या नीट करून आणायचा जोडधंदा. झाशीतल्या मूठभर मराठी घरांपैकी तिचं एक, म्हणून आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवला.

“मी स्वतः सोबत असते हो, कमलिनीताई,” ती म्हणाली. “अपनी बेटी समझकर ले जाऊँगी.”

बकुळच्या सोबतीला मीही गेले. ऑपरेशन झालं आणि दोन-तीन दिवसांत पोरीला ताप चढला. पट्टीखालून घाण वास यायला लागला. उषा म्हणाली, होतं असं, उतरेल. मी औषधाच्या दुकानात जाऊन हातवारे करून तापाच्या गोळ्या आणल्या. परत आले तेव्हा उषा आमच्या खोलीतून बाहेर पडत होती आणि बकुळ भिंतीकडे तोंड करून पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उषा बाकीच्या बायकांना घेऊन विमानात बसली. हे आम्हाला हॉटेलच्या माणसानं सांगितलं. क्लिनिकवाले दारातूनच म्हणाले, पेशंटनं स्वतः पट्टी काढली, तुमच्याच मॅडमनी कळवलंय, आता आमची जबाबदारी नाही. तिथल्या पायरीवर उभी राहून मराठीत, हिंदीत आणि बुंदेलीत मला येत होत्या तेवढ्या शिव्या मी दिल्या. कुणालाच त्या कळल्या नाहीत, याचा मला अजून राग आहे.

शेवटी एका टॅक्सीवाल्याला पोरीचं तोंड दाखवलं. त्यानं सरळ सरकारी इस्पितळात नेऊन सोडलं. तिथली डॉक्टरीण मोबाइलशी तिच्या भाषेत बोलायची आणि मोबाइल आम्हाला हिंदीत सांगायचा. नाकाच्या आतला आधार सडला होता. जीव वाचवायचा की नाक, एवढाच प्रश्न उरला होता. जीव वाचला. नाक मधोमध खचलं आणि एक नाकपुडी कायमची मिटली.

तिथल्या खाटेवर पडल्या पडल्या बकुळनं मला सांगितलं, “आत्या, उस दिन उषा आंटी मेरे सामने ही फोन पर थीं. श्रीकृष्ण अंकल से. सब मराठी में बोल रही थीं.”

आमच्या झाशीत मोठ्यांची ही जुनी खोड आहे. पोरं हिंदीत उत्तर देतात, म्हणून त्यांच्या देखत मराठीत वाटेल ते बोलायचं. भावकीची भांडणं, कुणाची आजारपणं, सगळं. पोरांना अक्षर न् अक्षर कळतं, फक्त जीभ वळत नाही. बकुळनं ऐकलेलं मला हिंदीत सांगितलं आणि मी खाटेवरून उठलेच. म्हटलं, झाशीत उतरल्याबरोबर तिच्या दारात उभी राहते.

“कौन मानेगा, आत्या?” बकुळ म्हणाली. “सब यही कहेंगे कि इसे मराठी आती कहाँ है.”

पोरीचं खरं होतं. आम्ही परतलो त्याआधीच उषाची कहाणी घरोघर पोचली होती. पोरीनं पट्टी सोडून सेल्फी काढली, मी मेलीनं काय करावं? बकुळ एरवी फोटो काढणारी, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. मी ओरडून सांगितलं तर ‘कमलिनीचा स्वभावच तसा’ म्हणाले. तोंडावर ओढणी गुंडाळून पोरगी बाहेर पडायची आणि मागे बायका कुजबुजायच्या. नाक गेलं ते गेलं, वर दोषही तिच्याच माथी. तो तिला पुसायचा होता, बाकी काही नको होतं.

थंडीभर ती रोज माझ्यासमोर बसली. “आत्या, मुझे बोलना सिखाओ.” उषाची ती वाक्यं ती माझ्याकडून घोटून घ्यायची. आधी अडखळायची, रडायची, पुन्हा म्हणायची. मिटलेल्या नाकपुडीमुळे आवाज गेंगाणा झाला होता. होळीपर्यंत तिचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ झालं. मला घाई झाली होती. ती म्हणाली, “चैत्र आने दो.”

चैत्रात उषाकडे गौरीचं हळदीकुंकू असतं. आम्हाला टाळलं असतं तर बोभाटा झाला असता, म्हणून तिनं आमंत्रण दिलंच. आम्ही पोचलो तेव्हा दिवाणखाना बायकांनी भरला होता. गौर पाळण्यात बसली होती, समोर कैरीची डाळ आणि पन्हं. आमच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या अंबिकाकाकू मानाच्या जागी आणि शेजारी त्यांची नात इंदू. पुढच्या खेपेला उषा इंदूला नेणार होती.

“बघा, परी होऊन येईल आमची इंदू,” असं म्हणत उषा प्रत्येकीच्या ओटीत भिजवलेले हरभरे घालत होती, कुंकू लावत होती. कोयरी घेऊन ती बकुळसमोर आली. बकुळनं ओढणी सोडली. तिचा चेहरा तोवर कुणी नीट पाहिलाच नव्हता.

“अब दर्द तो नहीं होता न, बेटा?” उषा म्हणाली.

“कुंकू राहू द्या, काकू,” बकुळ मराठीत म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “इस्तंबूलला माझ्या उशाशी उभं राहून तुम्ही फोनवर काय म्हणालात, ते या सगळ्यांना सांगते. तुम्ही म्हणालात, ‘पू झालाय हो, नाक गेल्यातच जमा. मी थांबले तर सगळं माझ्या गळ्यात येईल. क्लिनिकला सांगितलंय, पोरीनंच पट्टी काढली. झाशीला पोचल्यावर कोण विचारतंय!’”

उषाचा हात तसाच अधांतरी राहिला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “पण तुला तर मराठी कळत नव्हतं!”

आपण काय बोललो ते उषाला उशिरा उमगलं. तिनं हसायचा प्रयत्न केला.

अंबिकाकाकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. ओटीतले हरभरे त्यांनी उषाच्या परातीत परत ओतले. गौरीची ओटी कुणी परत केलेली मी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी इंदूचाही पदर रिकामा केला आणि तिला हाताला धरून निघाल्या. मग एकेक बाई उठली. ओले हरभरे परातीत पडत होते आणि मी अगदी पोट भरून ऐकत होते. मला दया आली नाही. ती यायला हवी होती असंही वाटलं नाही.

आम्ही फाटकाशी पोचलो तोच उषा अनवाणी धावत आली. उन्हानं फरशी तापली होती.

“बेटा, मैं बर्बाद हो जाऊँगी,” ती बकुळचा हात धरून म्हणाली. “उन्हें बुला लो. बोल दो कि गलत समझी थी. लोग पूछेंगे तो मैं क्या कहूँगी?”

बकुळनं हात सोडवून घेतला. ओढणी घडी करून पिशवीत टाकली आणि उघड्या तोंडानं रस्त्यावर आली.

“काकू,” ती म्हणाली, “झाशीत कोण विचारतंय!”