आबासाहेबांचा वाढदिवस आणि राजपुत्राचं मरण

काष्टीच्या आमच्या शाळेचं गॅदरिंग दरवर्षी संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांच्या वाढदिवशीच होतं. यंदा मी दहावीच्या पुस्तकातली शोकांतिका बसवली आणि तिथंच माशी शिंकली. त्या नाटकात राजा आपल्या निरपराध मुलाला देहदंड देतो. खरं काय ते कळतं, तेव्हा मुलाचं प्रेत त्याच्या मांडीवर असतं. तालीम बघून आबासाहेब म्हणाले, "माझ्या वाढदिवसाला स्टेजवर मढं नको. पोरगं वाचवा, मॅडम."

मी तापट बाई, पण नोकरी त्यांच्याच संस्थेत. राग गिळून गप्प बसले. राजाचं काम करणारी संस्कृती मात्र गप्प बसली नाही. "आबा, ह्याच नाटकाचा पिच्चर नगरला लागलाय. एकदा बघा, मग ठरवा."

म्हणून शनिवारी दुपारच्या खेळाला अख्खा वर्ग आणि आबासाहेब असे आम्ही गेलो. पिक्चर देखणा होता, हत्ती-घोडे, किल्ले, सगळं होतं. शेवटी फास आवळणार इतक्यात एक घोडेस्वार निरोप घेऊन आला आणि राजपुत्र चक्क वाचला. लोकांनी टाळ्या पिटल्या. आबासाहेबांनी तर शिट्टी मारली. "बघा मॅडम, शहानी मानसं हायेत. आपन बी आसंच करू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरं हिरमुसून बाहेर आली.

थिएटरच्या आवारात संस्कृती थांबली. "आबा, ह्यो शेवट पुस्तकात न्हाई. पुस्तकातला दावू का?"

राजपुत्र झालेला समर्थ तिथंच फरशीवर आडवा झाला. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि राजाचं शेवटचं भाषण सुरू केलं. मी तिला हंबरडा फोडायला शिकवलं होतं. तिनं आवाज चढवलाच नाही. त्याच्या केसांतली धूळ झटकत, झोपलेल्या लेकराला उठवावं तसं हळू बोलत राहिली. माझं चुकलं होतं, तिचं बरोबर होतं. मी हिची बाई आहे, याचा मला इतका अभिमान वाटला की डोळे पुसायचंही सुचलं नाही. पार्किंगकडं निघालेली माणसं थांबून बघत होती.

भाषण संपलं. आबासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, मयतीला काढतात तशी.

"वाढदिवस काय, दुसऱ्या दिवशी बी करता येईल," ते म्हणाले. "मॅडम, पोराला मरू द्या."