पंधरवड्याची जागा

“सोमवारी दुपारपर्यंत जागा रिकामी करा, मिस्त्री. सारखं सारखं सांगायला मलाही बरं वाटत नाही.”

कचेरीच्या खिडकीतली बाई हे त्याच्याकडे न बघताच बोलली. समुद्राकाठच्या त्या तंबूंच्या मैदानाची व्यवस्था तिच्याकडे होती. आलेल्यांना जागा दाखवायची, नळाची वेळ सांगायची, आणि मुक्काम संपला की उठवायचे.

“आईचा खोकला जरा बसू दे,” तो म्हणाला. “थोडे दिवस द्या फक्त.”

“पंधरवड्याच्या वर कुणालाच देता येत नाही. ही सहलीला येणाऱ्यांची जागा आहे, राहणाऱ्यांची नाही. आमचा साहेब फेरीवर आला आणि झाडाला टांगलेला तुमचा तो आरसा त्याला दिसला ना, तर तुमच्याबरोबर मलाही गाशा गुंडाळावा लागेल.”

त्याने मान हलवली. तिचे काही चुकत नव्हते. सहलीला आलेला माणूस दाढीसाठी झाडाला खिळा ठोकून आरसा टांगत नाही.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर शहरातल्या उंच उंच इमारतींच्या माथ्यावर, यंत्राच्या खोलीत काम करायचे आणि संध्याकाळी शेवटच्या थांब्यापर्यंत बसने येऊन जमिनीवर झोपायचे, असे त्याचे चालले होते. उन्हाळ्यात त्यांच्या राहत्या इमारतीला तडा गेला. आधी भिंतीला, मग जिन्याला. नगरपालिकेची माणसे आली, सगळ्यांना खाली उतरवले आणि दाराला सील लावून गेली. काही दिवस एका शाळेच्या सभागृहात सोय झाली. शाळा सुरू झाल्यावर तीही गेली. त्याने खोल्या शोधल्या. परवडेल ती खोली शहराच्या इतकी बाहेर होती की कामावर पोचेपर्यंत परतायची वेळ झाली असती, आणि जवळची खोली त्याच्यासारख्याने नुसती बाहेरून बघायची होती. शेवटी कामावरच्या एका मित्राकडून त्याने तंबू मागून आणला आणि आईला म्हणाला, “चार दिवस समुद्रावर जाऊ या.”

आई लोकांचे कपडे शिवून म्हातारी झालेली बाई. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि पदर खोचला. “चल बाबा. आयुष्यात कधी सहलीला नेलं नाहीस, आता तरी ने.”

तेव्हापासून ही सहल चालू होती. शहराच्या आसपास किनाऱ्याला अशी तंबूंची मैदाने होती. एक उठले की दुसरे शोधायचे. आता जागा बघितल्याबरोबर त्याला कळायचे. नळ किती लांब आहे, संडासापर्यंत दिवा आहे का, वारा कुठून येतो, खुंटी धरेल अशी जमीन आहे की नुसतीच वाळू. बाकीचे लोक समुद्र दिसतो का ते बघत. समुद्र दिसला की तो त्या बाजूला पाठ करून तंबू लावायचा. रात्री तिकडून येणारा दमट वारा आईच्या छातीत जाऊन बसे.

शहरातच राहणाऱ्या धाकट्या बहिणीला यातले काही ठाऊक नव्हते. लांब एक खोली मिळाली आहे, एवढेच तिला सांगितले होते. तिचा फोन आला की आई मोठ्या आवाजात बोलायची.

“आई, तो कसला गं आवाज येतोय? घुं घुं असा?”

“शेजाऱ्यांचा पंखा आहे मेला. कितीदा सांगितलं, तेल घाला म्हणून.”

शनिवारी सकाळीच तो नवी जागा शोधायला निघाला. पहिली जागा दीपगृहाच्या मागे होती. दोन वर्षांपूर्वी तिथे मोकळे मैदान होते म्हणे. आता फाटक होते आणि आत पांढरे तंबू, त्यांत पलंग, पलंगावर फुलाफुलांच्या चादरी. फाटकावरच्या माणसाने ओळखपत्र मागितले आणि पत्ता वाचला.

“शहरातल्या माणसांना आम्ही जागा देत नाही,” तो म्हणाला. “दंगा करतात. बाहेरगावचा पत्ता हवा.”

“पण मी आता तिथं राहत नाही.”

“मग कुठे राहता?”

ओळखपत्र खिशात घालून तो मागे फिरला.

दुसरी जागा खाडीच्या तोंडाशी होती. तिथे मातीने भरलेले ट्रक रांगेने उभे होते आणि तंबूंच्या मैदानावर भराव पडत होता. उभे राहून बघण्यासारखेही काही नव्हते. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत दुपार कलली. मासेमारीच्या जुन्या धक्क्यापलीकडे एक उघडा पट्टा होता. ना फाटक, ना खिडकी, ना कुणी उठवणारे. एका मोडक्या होडीच्या आडोशाला एक म्हातारा राखणदार जाळे सांधत बसला होता.

“राहा की,” म्हातारा म्हणाला. “कोण विचारतंय? किती दिवस राहायचं तेवढं राहा.”

“पाणी?”

“धक्क्यावरून आणायचं. संडास नाही. आणि मोठ्या भरतीला पाणी इथपर्यंत येतं, तेव्हा बिऱ्हाड उचलून वर पळायचं.” त्याने दातांनी दोरा तोडला. “एकटा आहेस ना?”

“आई आहे बरोबर.”

“म्हातारी?”

“हो.”

“मग नको आणूस तिला,” राखणदार सरळ म्हणाला. “तू तगशील. ती नाही.”

परतीच्या बसमध्ये तो हेच वाक्य मनाशी घोळवत होता. त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. माणूस खरे तेच बोलला होता.

मैदानावर शनिवारची गर्दी उसळली होती. गाड्या, चेंडू, गाणी. आपल्या तंबूशी पोचायच्या आधीच त्याला नळावरून हसण्याचा आवाज आला आणि त्याचे पाय थबकले. नळापाशी आई धुणे पिळत उभी होती, आणि तिच्या कमरेला मिठी मारून भाची उभी होती.

“मामा! तुम्ही पण आलात? आम्ही पण आलोय! बाबांचं सगळं ऑफिस आलंय!”

मागोमाग बहीण आली, तिच्या मागे तिचा नवरा आणि नवऱ्याचा साहेब. बहिणीची नजर आईच्या हातातल्या पिळ्यावर होती. त्याचा कामावरचा निळा सदरा होता तो. सहलीत कुणी कामाचे कपडे धूत नाही.

मग आईनेच सदरा झटकला. “अगं, बघतेस काय अशी? तुम्हीच तेवढ्या सहली करायच्या होय? म्हातारीनं वाळूत खेळू नये का?”

साहेब हसला. जावईही हसला, जरा उशिराने. संध्याकाळी जेवायला आमच्यातच या, असा साहेबाने आग्रह केला आणि आईने तो लगेच मान्य केला.

दिवेलागणीला बहीण एकटीच तंबूपाशी आली. तो बाहेर स्टोव्ह पुसत होता. तिने वाकून आत पाहिले. फळांच्या खोक्यांचे कपाट केलेले होते, त्यात आईच्या औषधाच्या बाटल्या ओळीने लावलेल्या. खांबाला हँगरवर सदरे. भिंतीवरचे घड्याळ, भिंत नव्हती म्हणून ट्रंकेला टेकवून ठेवलेले. ती बराच वेळ वाकलेलीच राहिली.

“दादा, कधीपासून?”

“शाळेतून उठवलं तेव्हापासून.”

“आणि मला खोली मिळाली म्हणून सांगता दोघं? पंखा म्हणे पंखा!” तिचा आवाज फाटला. “मला का नाही सांगितलंस?”

“सांगून काय केलं असतंस?”

हे बोलायचे नाही असे त्याने ठरवले होते, पण तोंडातून गेले. बहिणीचे घर म्हणजे दोन खोल्या. त्यातल्या एकीत तिची अंथरुणाला खिळलेली सासू, दुसरीत ही चौघे. त्यालाही ते माहीत होते. ती काय बोलते याची तो वाट बघत राहिला, आणि तिला लवकर बोलता येईना. तेवढ्यात तंबूच्या मागे आई खोकली. दोरीवरचे कपडे काढायला गेली होती ती. किती वेळ तिथे उभी होती कोण जाणे.

“मी... मी बोलते ह्यांच्याशी,” बहीण घाईने म्हणाली. “आईला नेऊ आपण. करू काहीतरी.”

“काही बोलायचं नाही कुणाशी,” कपड्यांचा ढीग छातीशी धरून आई पुढे आली. “जा, पोरं शोधत असतील तुला. तोंड धू आधी.”

ती गेल्यावर आईने त्याला विचारले, “मिळाली का रे जागा?”

“मिळाली.”

“कशी आहे?”

“बरी आहे. कुणी उठवणार नाही.”

“नळ?”

त्याने स्टोव्हचा पितळी भाग पुन्हा पुसायला घेतला. आई कपड्यांच्या घड्या घालू लागली. त्याचे एकीकडे ठेवत होती, स्वतःचे दुसरीकडे. एरवी ती सगळे एकाच पिशवीत भरायची.

रविवारी सकाळी साहेबाच्या मोठ्या तंबूबाहेर सगळे चहाला जमले होते. आई ठेवणीतली साडी नेसून आली होती. साहेबाने तिला खुर्ची दिली. चहाचे दोन घोट घेऊन तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली.

“जावईबापू, एक तक्रार आहे माझी. हा पोरगा मला सहल सहल म्हणून वाळूत झोपवतो. पाठीचं धिरडं झालं माझ्या. थोडे दिवस तुमच्याकडे यावं म्हणते, चालेल का? तुमच्या आईंच्या उशाशी बसेन, त्यांनाही सोबत होईल. दोन म्हाताऱ्या कुरकुरू एकमेकींपाशी.”

सगळे हसले. “अहो, घेऊन जा त्यांना,” साहेब जावयाला म्हणाला, “नाहीतर आम्हीच नेतो!”

“या की,” जावई म्हणाला. “विचारायचं काय त्यात?”

बहिणीने मान वर केली नाही. ती मुलीची वेणी सोडून पुन्हा घालत होती.

तो चहाचा कप हातात धरून उभा होता. आई काय करते आहे ते त्याला पहिल्याच वाक्याला कळले होते. तिने लेकीला विचारावे लागू दिले नव्हते, जावयाला नाही म्हणायला वाव ठेवला नव्हता, आणि त्याला तर तोंड उघडायचीही गरज उरली नव्हती. ‘नको जाऊस’ असे म्हणावे, असे त्याला फार वाटले. पण म्हाताऱ्या राखणदाराचे शब्द मध्ये आडवे आले, आणि तो चहा पिऊन मोकळा झाला.

दुपारी गाड्या भरल्या. आईची पिशवी जावयाने उचलली. थोड्या दिवसांच्या मानाने ती फारच जड होती. जावयाने ती या हातातून त्या हातात घेतली, एकदा त्याच्याकडे पाहिले आणि गाडीत नीट, सगळ्यांत आत ठेवली.

“मफलर गुंडाळत जा कानाला,” गाडीच्या खिडकीतून आई म्हणाली. “आणि उपाशी झोपू नकोस. स्टोव्ह पेटवायचा कंटाळा करतोस तू.”

“रविवारी येतो मी.”

“ये. पण येताना इस्त्रीचा सदरा घालून ये. तिथं शेजारीपाजारी असतात.”

भाचीने हात हलवला. गाडी फाटकातून वळली. तो परत येऊन तंबूत बसला. स्टोव्ह त्याने पेटवला नाही.

सोमवारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा घेतली. कपाटाची खोकी सोडली, ट्रंक बांधली, आरसा उतरवला, खुंट्या उपटल्या. तंबू खाली बसला तसा वारा त्यात शिरला. त्याने एक टोक धरले की दुसरे उडे. दुसऱ्यावर दगड ठेवला की मधले पोट फुगून उठे. इतके दिवस त्याला वाटे की तंबूची घडी आपणच घालतो, आई नुसती पलीकडे टोके धरून उभी असते. त्याने गुडघ्याने कापड दाबून पाहिले, लोळून पाहिले. नीट घडी काही होईना.

खिडकीतली बाई केव्हा बाहेर आली ते त्याला कळले नाही. चपला बाजूला काढून ती वाळूतून आली आणि तिने पलीकडची दोन्ही टोके उचलली. दोघांनी कापड ताणले, झटकले. मग ती चालत त्याच्यापाशी आली, आपली टोके त्याच्या हातात दिली आणि वाकून खालची घडी उचलली. असे तीन-चारदा झाले. तंबू पिशवीत मावेल एवढा झाला.

तंबू होता तिथे चौकोनी जागा उघडी पडली होती. तिथले गवत दबून पिवळे झाले होते. डाव्या बाजूला, आईचे अंथरूण असायचे तिथे, जास्तच.

“होईल हिरवं,” बाई म्हणाली. “आठ दिवसांत कळणारसुद्धा नाही, इथे कुणी राहत होतं म्हणून.”

तिला धीर द्यायचा होता. त्याने मान हलवली, ट्रंक खांद्यावर घेतली, तंबूची पिशवी उचलली आणि तो चौकोन न तुडवता, कडेकडेने वळसा घालून तो फाटकाकडे गेला.