गप्प बसायचा व्यायाम

"काका, दम किती लागतोय?" व्यायाम शिकवणाऱ्या पोरीने विचारलं.

"बेताचाच," मी म्हणाले.

"काकू, मी काकांना विचारलं."

पोरगी माझ्या नातीच्या वयाची, पण तोंड पाहा. लाकडाला पॉलिश मारता मारता आमच्या ह्यांची फुफ्फुसं कामातून गेली. चार शब्द बोलले की धाप लागते. मग त्यांचा श्वास वाचवायचा कोणी? फोन मी घेते, दुकानदाराशी मी बोलते, खोकला कसा आहे ते डॉक्टरलाही मीच सांगते. हे नुसती मान हलवतात. त्यात वाईट काय आहे?

दवाखान्याच्या मागच्या खोलीत हा वर्ग भरतो. खुर्चीवरून उठायचं, बसायचं, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा, मग व्हरांड्यात चालायचं. आम्ही तिथे जायला लागलो ते अक्कासाठी. ही ह्यांची थोरली बहीण. चढावरच्या गल्लीत राहते, सगळ्या पायऱ्याच, गाडी जात नाही. तिने अंथरूण धरलेलं, आणि ह्यांना वर जाववत नाही. कानांनी ती अधू, म्हणून फोनचाही उपयोग नाही. भाचा म्हणाला, मामाला खुर्चीत बसवून उचलून नेऊ. ह्यांनी अशी काही मान हलवली की त्याने पुन्हा विषय काढला नाही. इकडे अक्का खंगत चालली होती. ती आहे तोवर पोचायचं होतं, एवढंच.

"दम लागणारच, त्याला घाबरायचं नाही," पोरगी म्हणाली. "पण चालता चालता एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं, तर वेग कमी करायचा. काका बोलले तरच मला कळणार. म्हणून काकू, तुम्ही गप्प."

पहिले काही दिवस फार वाईट गेले. हे चालायचे, तोंड उघडायचे, आणि सवयीने माझ्याकडे बघायचे. वाक्य माझ्या जिभेवर तयार असायचं. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहायचे.

मग एकदा मागून आवाज आला, "या दाराला... पॉलिश कोणी केलंय? हात... बांधून ठेवा त्याचे." पोरगी खळखळून हसली. त्यानंतर रोज काहीतरी निघायला लागलं. भिंतीचा रंग, माझी चप्पल, डॉक्टरची मिशी, कुणाला सोडलं नाही. हा माणूस एवढा खवचट आहे हे मी विसरूनच गेले होते. खोटं कशाला सांगू, लग्नानंतरचे दिवस आठवले.

शेवटी पोरीने चढ चढायला हो म्हटलं. प्रत्येक वळणावर हे कठड्याला धरून थांबायचे, ओठांचा चंबू करायचे, पुन्हा निघायचे. माझा जीव टांगणीला लागलेला. मी पिशवीत घडीचं स्टूल लपवून आणलं होतं. हळूच हात घातला.

"ते स्टूल," हे मागे न बघता म्हणाले, "आतच ठेव."

मी ठेवलं.

अक्का उशीला टेकून बसली होती. चिमणीएवढी झालेली. ह्यांना बघून तिचे डोळे भरून आले. "कसा आहेस रे धाकट्या?" तिने विचारलं आणि नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघितलं. उत्तर मीच देणार, तेही कानाशी ओरडून, हे तिला ठाऊक.

मी पदर तोंडाशी धरला.

हे पलंगाची कड धरून उभे राहिले. सावकाश श्वास सोडला, पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. अक्का वाट बघत राहिली.

"बरा आहे, अक्का," हे मोठ्याने म्हणाले. "पायांनी चालत आलो. हिने तोंड मिटून धरलं, म्हणून जमलं."

अक्काला सगळं ऐकू गेलं. "हिने?" ती म्हणाली आणि बोळक्या तोंडाने हसायला लागली. हसता हसता तिने ह्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

एरवी मी एवढं ऐकून घेतलं नसतं. पण त्या दोघांना तसं बघताना मलाच एक अख्खं वाक्य बोलता आलं नाही.